गुलछबू ब्रास बँडचे क्लॅरिनेटवाले

आमच्या काल्हेरच्या चाळीत जनूदादा रोज दिवेलागणीला गॅलरीत उभे राहून क्लॅरिनेट वाजवतात. भिंतीला भिंत लागून असूनही माझी तक्रार नाही, कारण त्या क्लॅरिनेटमधून आवाज येत नाही.

त्याचं असं झालं. जनूदादा गोदामात सुपरवायझर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेच्या शूटिंगला गर्दी हवी होती, तेव्हा ते गेले. मालिकेत गुलछबू ब्रास बँड नावाचा एक बँड होता. दादांच्या मिशा बघून त्यांना लाल कोट चढवला आणि हातात क्लॅरिनेट दिलं. फुंकल्यावर जिच्यामुळे सूर निघतो ती पत्ती आधीच काढून ठेवलेली. "बोटं हलवा, गाल फुगवा, आवाज मागाहून टाकतात," असं सांगण्यात आलं. मालिका संपल्यावर दादांनी कोट आणि क्लॅरिनेट मागून घेतलं. ते वाक्यही घेतलं. आमटी अळणी झाली तरी ते शांतपणे जेवतात. "मीठ काय, मागाहून टाकता येतंय."

घरात ते आणि मुलगी सुचिता. तिची आई ती लहान असतानाच गेली. दादा रियाझाला उभे राहिले की ही चिमुरडी मागे उभी राहून तोंडाने आवाज काढायची. "पों पों, पपपों!" कॉलेजात गेल्यावर तिला लाज वाटू लागली आणि ते बंद झालं. दादांचा रियाझ चालूच राहिला.

सुचिताचं लग्न पडघ्याच्या मुलाशी ठरलं. बोलणीच्या वेळी व्याही म्हणाले, "तुमाला टीव्हीवर बघलंय. क्लॅरनेट झकास वाजवता." दादा नुसते हसले. हे हसणं केवढ्याला पडणार होतं ते हळदीच्या दिवशी कळलं. वऱ्हाडी कुठल्या बेंजो पार्टीच्या तालावर नाचत येणार, असं मी फोनवर सहज विचारलं. व्याही म्हणाले, "बेंजो सांगितलाच न्हाय. घरचा बँड आसताना भायेरचा कशाला?"

ऐन लग्नसराई. भिवंडीपासून मानकोलीपर्यंत एकही बेंजो मोकळा नव्हता. वाजंत्रीशिवाय वऱ्हाड आलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल, या विचाराने दादांनी अन्नाला हात लावला नाही. शेवटी त्यांनी मालिकेतल्या गुलछबू ब्रास बँडच्या जुन्या साथीदारांना फोन लावले.

दादांसारखेच जपून ठेवलेले कोट आणि वाद्यं घेऊन सगळे आले. ट्रम्पेटवाले रफीकभाई तर लूमवरची शिफ्ट सोडून आले. "जनूभाई, बजाना तो किसीको आता नहीं," त्यांनी आठवण करून दिली.

"आवाज मागाहून टाकू," दादा म्हणाले.

आवाज टाकण्याचं काम माझ्याकडे आलं. मांडवामागे स्पीकर, त्याला जोडलेला माझा फोन आणि माझा अंगठा. संगीताशी माझा एवढाच संबंध. लाल कोटातला बँड मांडवाच्या दारात उभा राहिला, मी बटण दाबलं आणि वऱ्हाड बेभान नाचू लागलं. व्याह्यांनी तर दादांच्या डोक्यावरून नोट ओवाळली.

मग लाईट गेली.

स्पीकर गप्प झाला, पण बँड थांबला नाही. 'कट' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, हा त्यांच्या शूटिंगचा नियम. म्हणायला कोणी नव्हतं. गाल फुगत होते, बोटं पळत होती, आणि आवाज ढोलाचाही नव्हता, कारण ढोलवाला काठी हवेतच मारत होता. वऱ्हाड हात वर करून तसंच उभं. दादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला वाटलं, जमीन दुभंगून मलाच पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात मांडवातून आवाज आला. "पों पों, पपपों!"

मुंडावळ्या बांधलेली सुचिता उभी राहून ओरडत होती. दादांची बोटं बरोबर तिच्या तालात आली. करवल्या हसत हसत सुरात सूर मिसळू लागल्या, मग बायका, मग अख्खा मांडव. वऱ्हाड पुन्हा नाचू लागलं.

व्याही दादांजवळ आले. "येता न्हाय ते सांगायचा तरी!"

"इचारलात कुठं?" दादा म्हणाले. व्याह्यांनी जरा विचार केला आणि तेही पों पों करू लागले.

लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी दादा गॅलरीत क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसलेले दिसले.

"रियाझ नाही?" मी विचारलं.

"आवाज टाकणारी गेली," ते म्हणाले. "नुसती बोटं किती हालवायची?"

इतक्यात त्यांचा फोन वाजला.

"बाबा, चालू करा लवकर. मना भाकरी टाकायच्यात."

दादांनी फोन कठड्यावर नीट टेकवून ठेवला आणि गाल फुगवले. पडघ्याहून पों पों सुरू झालं. मध्येच तिकडच्या कुकरने शिट्टी दिली आणि पोरगी गॅस बारीक करायला गेली. ती परत येईपर्यंत दादांनी तो सूर तसाच धरून ठेवला.