आबांचा जोडा निघेना

दौंडच्या अलीकडे होणाऱ्या व्याह्यांच्या, बाळासोंच्या अंगणात जीप थांबली आणि मारुतराव आबांना घाम फुटला. डावा पाय जोड्यात असा काही रुतून बसला होता, की ओढून निघेना आणि हिसडून निघेना.

आबा आले होते नातीच्या, अक्षदाच्या सोयरिकीसाठी, मुलाचं घर बघायला. मुलगी पसंत पडली होती, आज शब्द पक्का व्हायचा होता. अक्षदा शिक्रापूरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. आबांच्या पायात पाणी साठायचं. डॉक्टरांनी काळीज, किडनी सगळं तपासून शिरांचा दोष सांगितला आणि पाय अक्षदाच्या हवाली केला. ती रोज बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधायची.

"आबा, जीपमध्ये पाय लोंबकळत राहणार. पट्टी सोडायची नाही हं," तिनं सकाळीच बजावलं होतं.

"न्हाई सोडत," आबा म्हणाले. पण न्हावरा गाव मागं पडलं आणि आबांना लाज वाटू लागली. एवढा बागाईतदार माणूस, सोसायटीचा माजी चेअरमन, आणि व्याह्याच्या दारात लंगड्या बैलासारखा पायाला फडकं गुंडाळून उतरणार? त्यांनी गुपचूप पट्टी सोडली, मांडीवरच्या पेढ्यांच्या पिशवीत कोंबली आणि नव्या काळ्या जोड्यात पाय घातला. पायानं वाट बघितलीच नाही, दौंड येईपर्यंत टम्म फुगला.

त्यात मनात एक काटा आधीच होता. मुलगी बघायला आले तेव्हा अक्षदा पाया पडायला वाकली आणि बाळासोंनी चटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आबांची बायको झुंबरबाई तेव्हापासून त्यांचं डोकं खात होत्या. "पाया पडू दिलं न्हाई. मानसाच्या मनात काय तरी हाय." आज तर बाळासो सामोरे आलेच नाहीत. नवरदेव सत्यजीत तेवढा तांब्या घेऊन पुढं आला.

"आबा, पाय धुवा."

"धुतल्यालंच हायेत."

"मग आत चला."

"हितंच बरं. वारं झकास सुटलंय." झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

आबा ओट्यावर बसले. आता आबा बाहेर म्हटल्यावर त्यांचा मुलगा दत्ता बाहेर, झुंबरबाई बाहेर. सोयरीक जुळवणारा म्हस्कू आतबाहेर करून दमला. "आवो, ते भाईर येईनात, तुमी आत जाईना. माझी चप्पल झिजवताय व्हय?"

"आबा, चला की!" दत्ता दातओठ खात पुटपुटला. "उंबरा वलांडला न्हाई म्हंजी सोयरीक मोडली आसं समजत्यात लोक!"

आबांना हे काय कळत नव्हतं? सोन्यासारखी पोर, तिचं लग्न आपल्या जोड्यात अडकलंय, हे त्यांना चांगलंच कळत होतं. पण जोड्यासकट देवघरापुढून कसं जायचं? आणि 'निघत नाही' म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

एवढ्यात बाळासोंची म्हातारी आई, भागुबाई, काठी आपटत बाहेर आल्या. "काय वो पाव्हणं? आमच्या उंबऱ्याला काटं हायेत का?"

"न्हाई वो मावशी," आबा पायाकडं बोट दाखवत म्हणाले. "जोडा... जोडा निघंना."

म्हातारी पायाकडे बघत राहिली. मग खो खो हसत आतल्या खोलीकडे ओरडली, "बाळ्या, ये भाईर! त्यांचाबी फुगलाय!"

बाळासो खाली मान घालून, भिंत धरत बाहेर आले. पाय दुधी भोपळ्यासारखे.

झुंबरबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. अक्षदानं एका नजरेत ओळखलं. "आबा, पट्टी कुठंय?"

आबांनी पेढ्यांची पिशवी हळूच पाठीमागं सरकवली.

"आडवे व्हा. पाय उशांवर, काळजापेक्षा उंच. पंजा वर-खाली करा, सारखा. आजी, तू पिंढरीवरून मांडीकडं हलक्या हातानं चोळ. आणि काका, तुम्हीपण झोपा. पाया पडायला वाकले तेव्हाच तुमच्या पायांची सूज मला दिसली होती. दम लागतो का?"

"न्हाई, पोरी. लाज तेवढी वाटती."

"तरी उद्याच्या उद्या डॉक्टरांकडं जायचं. आधी तपासणी, मग मी."

दोघे मातब्बर ओट्यावर शेजारी शेजारी आडवे झाले. एकाचा जोडा आभाळाकडे, दुसऱ्याचे उघडे पाय. शेजारपाजार कुंपणाशी गोळा झाला. आबांना वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं.

बऱ्याच वेळानं दत्तानं हिसका दिला आणि जोडा सुटला. बाळासो पंजा हलवत फोनकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आता थांबू का?"

सूनबाई! झुंबरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हस्कूनं टाळी वाजवली.

"तोंड गोड करा!" म्हणत भागुबाईंनी पेढ्यांची पिशवी उघडली, आत हात घातला आणि ओढायला लागल्या. पट्टी येतच राहिली, हातभर, दोन हात, चांगली लुगड्यासारखी. शेवटाला एक पेढा चिकटून आला.

फोनमधून आवाज आला, "आबा!"

आबांनी मान खाली घातली. पाय तेवढा वरच ठेवला.