चार मिनिटं अकरा सेकंद

बायको गेल्याचं मला कळलं, त्या संध्याकाळी मी एका अनोळखी नवराबायकोचं पडद्यांच्या रंगावरून चाललेलं भांडण लिहून घेत होतो. नवऱ्याला निळे हवे होते. तेवढ्यात शेजारीणबाईंचा ऑफिसात फोन आला. मी हेडफोन बाजूला सारला आणि सवयीने त्यांचंही बोलणं कागदावर उतरवलं : "पाच वाजून दोन मिनिटं. स्त्रीचा आवाज. 'लवकर या, वहिनी गेल्या.'" तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

माझी नोकरीच ऐकण्याची. देशाच्या सुरक्षेसाठी काही फोनवर लक्ष ठेवावं लागतं. ते ऐकायचे आणि लिहून काढायचे. छाती ठोकून सांगतो, सव्वीस वर्षांत माझ्या कानातून एक शब्द निसटलेला नाही! कोण कुठे खोकलं, तेसुद्धा मी कंसात लिहितो. बायको म्हणायची, "अहो, अख्ख्या जगाचं ऐकता, माझं तेवढं सोडून." मी म्हणायचो, "हं."

मुलगी वकील. तिचं-माझं वर्षानुवर्षं एकच भांडण.

"बाबा, लोकांच्या भिंतींना कान लावून बसता, लाज नाही वाटत?"

"अगं, देश राहिला तर तुझे हक्क राहतील."

"आणि हक्कच राहिले नाहीत, तर राखता काय? नुसता नकाशा?"

"ज्याने काही केलं नाही, त्याने घाबरायचं कशाला?"

इथे बायको ताटं आपटत मांडायची आणि आम्ही दोघं गप्प बसायचो.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तिचा मोबाइल उघडून पाहिला. शेवटचा फोन माझ्या ऑफिसला. दुपारी तीन पन्नास. चार मिनिटं अकरा सेकंद. मग आठवलं. फोन आला होता खरा. माझ्या एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला ती. पडद्यांचं भांडण ऐन रंगात आलेलं. मी "हं... हं... बरं" केलं आणि ठेवून दिला. काय म्हणाली? डोकं धरून बसलो, तरी एक शब्द आठवेना. निळे पडदे मात्र आठवत होते!

तरी मी खचलो नाही. आमच्या इमारतीत मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो आणि टेबलावरच्या प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग होतं. आमच्यावरही कोणाचा भरवसा नाही. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर, कपाटात होतं. साहेबांना सांगायचं, ऐकायचं, दहा मिनिटांचं काम!

साहेबांनी चष्मा काढला. "रेकॉर्डिंग? आपण असलं काही करत नाही."

"साहेब, मीच करतो."

"मग तर आपण करत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक पाहिजे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो. पण आज तुम्हाला ऐकवलं, तर उद्या कोणालाही ऐकवावं लागेल. सामान्य नागरिक म्हणून खिडकीवर अर्ज करा."

केला. रांगेत उभा राहून माझ्याच ऑफिसात अर्ज केला. एक रकाना होता : 'रेकॉर्डिंग झाल्याचे आपणास कसे समजले?' मी लिहिलं, 'इथेच काम करतो.' पुढचा रकाना : 'हेतू'. मी लिहिलं, 'बायको काय म्हणाली ते ऐकणे.'

उत्तर आलं : असे रेकॉर्डिंग आहे किंवा नाही, हे सांगता येत नाही.

त्यानंतर आठवड्याने माझ्या शेजारच्या टेबलावरचा टाचणी हळूच म्हणाला, "अरे, जेवत जा रे नीट. नुसत्या चहा-बिस्किटांवर किती दिवस काढणार?" याला आम्ही टाचणी म्हणतो, कारण अंगाने तसा आणि स्वभावानेही तसाच. एकोणीस वर्षं आमच्या कोपराला कोपर लागतंय.

"तुला कोणी सांगितलं?"

तो वहीत तोंड खुपसून बसला. चहा-बिस्किटांचं मी फक्त मुलीला सांगितलं होतं. फोनवर!

"टाचण्या, माझा फोन तुझ्याकडे आलाय?"

"मी असं काही सांगू शकत नाही." मग वहीत बघतच म्हणाला, "पण खोकल्याचं औषध घे तेवढं."

म्हणजे अर्जामुळे माझंच नाव यादीत गेलं होतं. ज्याने काही केलं नाही असा मी, आणि आता घरी शिंकायचीसुद्धा चोरी! त्या संध्याकाळी मुलगी फोनवर रडायला लागली. तिला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "रडू नकोस. कपाट मला ठाऊक आहे, चावी साहेबांच्या खणात असते. एक दिवस मीच जाऊन..." एवढ्यात आठवलं आणि घाईघाईने म्हणालो, "टाचण्या, हे लिहू नकोस!"

त्याने तेही लिहिलं. कंसात 'घसा खाकरतो' असंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी चौकशी समितीपुढे उभा! तीन माणसं, मधे अध्यक्षबाई. त्यांनी यंत्र सुरू केलं. माझाच आवाज खोलीभर : "कपाट मला ठाऊक आहे..."

"हा आवाज तुमचा?"

"माझाच. पण बाई, हे म्हणजे आपण जे करत नाही तेच ना?"

मी हात जोडले. "आता यंत्र चालू आहेच, तर तिचाही फोन लावा. मग हवी ती शिक्षा द्या."

अध्यक्षबाई खाली बघून म्हणाल्या, "तुमचा अर्ज आला तेव्हा आम्ही तिघांनी त्यांचा फोन ऐकला. देशाला धोका होईल असं त्यात काही नाही."

"मग द्या ना मला!"

"धोका नाही, म्हणूनच नियमाने नष्ट केला. निर्दोष माणसाचं बोलणं तीस दिवसांवर आम्हाला ठेवता येत नाही. त्यात काय होतं, तेही सांगता येत नाही. ते त्यांचं खाजगी." मग त्यांनी विचारलं, "पण त्या फोनवर पलीकडे तुम्हीच होतात ना? तेव्हा ऐकलं नाहीत?"

नष्ट केलेल्या रेकॉर्डिंगची यादी त्यांनी पुढे सरकवली. कोणाचं नाव उघड होऊ नये म्हणून तिच्यात नुसते क्रमांक असतात. महिनाअखेरीला अशी यादी टेबलावर येते आणि खोलीतला सगळ्यात जुना कर्मचारी खाली सही करतो. सगळ्यात जुना मी. सही माझीच होती. ठसठशीत!

मला ताकीद देऊन सोडलं. घरी मुलगी येऊन बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, तो तीस दिवसांचा नियम... तीन वर्षं कोर्टात भांडून आम्हीच आणायला लावला."

"बरोबर केलंत," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो. पडदेवाल्या त्या दोघांचंही बोलणं कोणीतरी असंच पुसून टाकलेलं बरं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं, आणि ताटं आपटायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर कागदात गुंडाळलेला एक बल्ब होता.

"हे काय रे?"

"काही नाही," टाचणी भिंतीकडे बघत म्हणाला. "जाताना घरी घेऊन जा."

मला काय ते कळलं. तिचा तो फोन लिहून काढायला याच्याकडेच आला असणार. त्याने शपथ मोडली नाही, एक शब्दही सांगितला नाही. घरी जाऊन मी एकेक दिवा लावून बघितला. सगळे लागले. फक्त तिच्या शिलाई मशीनवरचा लागला नाही. महिनोन्‌महिने गेलेला असावा.

स्टुलावर चढलो. जुना बल्ब काढला, नवा लावायला गेलो. होल्डर आट्यांचा आणि टाचणीने आणलेला बल्ब पिनांचा!

तिने फोनवर नक्की सांगितलं असणार, "अहो, आट्यांचा आणा, पिनांचा नको." चार मिनिटं तिने उगीच घेतली नसतील. सरकारी यंत्राने ऐकलं, समितीने ऐकलं, टाचणीने लिहून काढलं, आणि पुरुषांपैकी एकाच्याही लक्षात राहिलं नाही.

बल्ब बदलायचा राहिला आहे.