पडेगावची नदी

सूचनांची पाटी लावावी लागली तर आपलं डिझाइन फसलं, असं नीरजा सगळ्यांना सांगायची. बिल्डर काकासाहेबांनाही तिनं तेच सांगितलं.

"माणूस दारातून आत आला की काय करायचं ते त्याला आपोआप कळेल. तुम्ही फक्त चहाचं बघा."

दुष्काळाचा तो दुसरा की तिसरा उन्हाळा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. काकासाहेबांनीही लासूर स्टेशनकडची शेती भावांवर सोपवून पडेगावला इमारती बांधायला घेतल्या होत्या. योजनेचं नाव ठेवलं होतं 'नदीकाठ'. पण नदी कुठंय, असं नीरजानं विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ते तुम्ही बघा. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

नीरजा पुण्याला शिकून घरी परतलेली. ती आणि मंदार, असं दोघांचंच ऑफिस. फ्लॅटच्या प्रदर्शनाचं हे काम नीट झालं तर पुढची सगळी प्रदर्शनं त्यांना मिळणार होती. मग तिनं क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये खरोखरच नदी आणली. छतावरच्या प्रोजेक्टरमधून फरशीवर पाणी वाहायचं, पाऊल ठेवलं की तरंग उठायचे आणि मासे बिचकून पळायचे. मासे तिनं पाणचक्कीच्या हौदातले आठवून चितारले होते. लहानपणी रविवारी वडील तिला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं न्यायचे आणि हौदाच्या कठड्यावरून ती तासन्‌तास वाकून बघायची. नदी ओलांडली की पलीकडे घराचा नमुना आणि नोंदणीचं टेबल. शिवाय एक युक्ती होती. कुणीच हललं नाही की पाणी हळूहळू आटायचं आणि खाली भेगाळलेली जमीन दिसायची. ती बघून लोक चटकन पुढं पाऊल टाकतील, असा तिचा होरा.

पहिल्या दिवशी सकाळीच मालनबाई आल्या. मुलगा सत्यम वाळूजला कंपनीत होता, त्याला फ्लॅट बघायचा होता. बाईंनी काठाशी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं.

"मावशी, चपला राहू द्या," नीरजा म्हणाली. "खरं पाणी नाहीये ते."

"व्हय, दिसतंय की मला. पर चपला घालून पाण्यात जातंय का कुणी?"

त्यांचं बघून मागच्यांनीही चपला काढल्या. थोड्याच वेळात हॉलच्या दारात देवळाबाहेर असतो तसा चपलांचा ढीग झाला. मालनबाई चार पावलं चालल्या, एका माशाच्या मागं वळल्या, आणि पलीकडे जायचं सोडून काठावरच पाण्यात पाय पसरून बसल्या. शेजारी आणखी दोघी बसल्या, मग त्यांची माणसं बसली. गप्पा सुरू झाल्या. कुणी शिवना नदीवर धुणं धुवायला जायचो ते सांगितलं, कुणी वाळूत झिरा उकरून ओंजळीनं पाणी प्यायल्याचं. नोंदणीच्या टेबलावरचा पोरगेला कारकून एकटाच चहा पीत होता.

बोलता बोलता सगळे स्तब्ध झाले आणि नदी आटली. पायाखाली भेगा आल्या.

"गेलं गं बाई," मालनबाई हळूच म्हणाल्या. "हितं बी गेलं."

नीरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मंदारला गाठलं. "हे आटणं आत्ताच्या आत्ता काढ."

"चालू असताना हात लावला तर सगळंच बंद पडेल," मंदार म्हणाला.

तेवढ्यात मालनबाईंनी सुस्कारा टाकून पायाची बोटं हलवली, आणि पाणी परत आलं. मग काय, पाळ्या लागल्या. दोघींनी पाय हलवायचे, बाकीच्यांनी गप्पा मारायच्या.

यातल्याच कुणीतरी घरी फोन केला की हॉलमध्ये पाणी आलंय, लई निवळ हाय. फोनवरून फोन गेले. दुपारपर्यंत दाराबाहेर रांग लागली होती, आणि प्रत्येकाच्या हातात घागर नाहीतर कॅन. एकजण तर रिक्षात ड्रम घालून आला.

काकासाहेब आले ते मागच्या दारानं. रखवालदार म्हणाला, "साहेब, रांग पार चौकात गेली." त्यांना भरून आलं. त्यांनी माईक हातात घेतला. बाहेर कर्णा होताच.

"घाई करू नका. सगळ्यांना मिळणार. मोठं पाहिजे त्याला मोठं, लहान पाहिजे त्याला लहान. फक्त नाव नोंदवा."

बाहेर टाळ्या पडल्या. दारातून कुणीतरी ओरडून विचारलं, "कधी मिळणार?"

"दोन वर्षांत," काकासाहेब अभिमानानं म्हणाले.

एका बाईनं रिकामी घागर दाणकन फरशीवर आपटली. मग दुसरीनं. थोड्याच वेळात असा काही आवाज उठला की माईकची गरजच उरली नाही.

नीरजानं घाईघाईनं खरा प्रकार सांगितला. काकासाहेबांनी दार किलकिलं करून बाहेर बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"टँकर मागवा," नीरजा म्हणाली.

"नदी तुम्ही आणली, टँकर मी आणू?"

"नदीकाठ नाव तुम्हीच ठेवलंय."

टँकर आला, तो पुरेना म्हणून दुसरा आला. सत्यमनं पाइप धरला, मालनबाईंनी रांग लावली. भांडी भरली तशी माणसं पांगली. फ्लॅटबद्दल दिवसभरात कुणीही विचारलं नाही. सत्यमसुद्धा विसरला.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर काकासाहेबांनी बूट काढले, मोजे काढले, आणि पँट दुमडून नदीत उतरले.

"शिवनेत असेच होते मासे," ते म्हणाले. "उपरण्यात धरायचो. आई काठीच घेऊन यायची." मग बराच वेळ ते नुसते पाय हलवत उभे राहिले.

नीरजानं धीर करून विचारलं, "पुढच्या प्रदर्शनाचं काय?"

"लई झ्याक केलंय तुम्ही," काकासाहेब म्हणाले. "पुढच्या वेळी आपण बॅनर लावू."

पण ते प्रकरण तिथं मिटलं नाही. मशीन बिघडलं तर असावा म्हणून मंदारनं हॉलच्या दारावर ऑफिसचा नंबर चिकटवला होता, आणि रांगेतल्या झाडून सगळ्यांनी तो उतरवून घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "पाण्याचं ऑफिस ना? आमच्या गल्लीत कधी सोडता?" नीरजा आधी समजावून सांगायची की आम्ही माणसं आणि तंत्रज्ञान यांच्यातला संवाद घडवतो. पलीकडून उत्तर यायचं, "बरं. पर पाणी कधी?" शेवटी कंटाळून तिनं कुठल्या भागात कोणत्या वारी पाणी येतं ते विचारून घेतलं आणि सांगायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका बाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही सांगता ते बरोबर निघतं बघा. फक्त जरा जोरात सोडत जा की. वरच्या मजल्यावर चढत नाय."

नीरजानं मंदारकडं बघितलं, आणि म्हणाली, "सांगते साहेबांना."