लंगोटासकट की लंगोटाशिवाय?

आमच्या शेजारच्या शांताबाई नर्स तान्ह्या पोरांच्या लंगोटाचं वेगळं वजन करत. ओल्याचं वेगळं, कोरड्याचं वेगळं. अमडापूरच्या दवाखान्यात कोणी ताप मोजायला आलं, की आधी विचारत, "चहा पिऊन आला काय बे?" हो म्हटलं, की त्याची रवानगी बाहेरच्या बाकावर. तोंड निवेस्तोवर ताप मोजायचा नाही. "एकडाव मोजलं तो निस्ता अंदाज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेर जाऊन किलो नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. आमचा पहिला मुलगा तान्हा होता. माझ्या आईने त्याला कौतुकाने किराणा दुकानातल्या तराजूत तोलून आणलं. पुढच्या आठवड्यात शांताबाईंनी दवाखान्यात तोललं, तर वजन कमी!

आईने घर डोक्यावर घेतलं. "इच्या दुधात दमच नाही. उद्यापासून पोराले बकरीचं दूध."

माझी बायको सुमन पोराला छातीशी धरून रडत बसली. जेवेना, बोलेना. शेवटी मी शांताबाईंना बोलावलं.

त्यांनी कोणाचीच समजूत घातली नाही. आईला एवढंच विचारलं, "दुकानात तोललं तवा अंगावर काय काय होतं?"

"काय असन? गोधडी, टोपरं, चांदीचे वाळे."

"अन् मी तोललं उघडं! चाला दुकानात. सारं तसंच्या तसं घ्या."

दुकानदार हसला. "बाई, पोरगं इकाले काढलं काय?"

बाईंचं लक्षच नव्हतं. रिकामी पारडी एका पातळीत येतात का, ते त्या वाकून पाहत होत्या. मग पोराला साजासकट तोललं. लगेच पुन्हा ठेवलं, तर त्याने पारड्यातच धार सोडली.

दुकानदार ओरडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता पयल्यापासून. गोधडी वाळू द्या."

मग काय, भर बाजारात आम्ही सगळे गोधडी वाळायची वाट पाहत उभे! वाळल्यावर बाईंनी पुन्हा पुन्हा तोललं. दर वेळी तेच भरलं, आणि आईने पहिल्यांदा तोललं होतं त्याहून चांगलं जास्त.

"पोरगं वाढून राह्यलं, माय," बाई आईला म्हणाल्या. "सुनेले जेवू घाला."

दुकानातून निघताना आईने सुमनसाठी खारका घेतल्या.

सुमनने मुलाला घ्यायला हात पुढे केले. बाईंनी तो लगेच दिला नाही.

"उद्या आणशीन याले?"

सुमन घाबरली. "काऊन बाई? वजन तं बरोबर हाय न?"

"हाव, बरोबर हाय." बाईंनी त्याचं टोपरं उगाच सारखं केलं. "वजन नाही करायचं. मले जरा याले घेऊन बसायचं हाय."