बरोबरची हिरवी खूण

बटण हे दाबण्यासाठी असते की पाहण्यासाठी, याबाबत शिक्षणक्षेत्रात अद्याप एकमत झालेले नाही. पेन्सिल ज्या संस्थेत डिझाइन शिकत होती, तिथे मात्र हा वाद केव्हाच निकालात निघाला होता. (पेन्सिल हे तिचे घरचे नाव नव्हे, अंगकाठी पाहून वर्गाने बहाल केलेले.) दुसऱ्या वर्षाला कोडिंग सक्तीचे होते. गुणांची विभागणी अशी: देखणेपणा चाळीस, मांडणी तीस, सादरीकरण पंचवीस आणि 'चालते का' पाच. शेवटचे पाच सर्वांना सरसकट मिळत, कारण परीक्षेच्या दालनात इंटरनेट नव्हते.

नापास होणाऱ्याला अख्खे वर्ष पुन्हा काढावे लागे. पेन्सिलच्या वडिलांचे कुलपांचे दुकान होते आणि त्यांनी आधीच बजावले होते, "वर्ष वाया गेलं की सरळ घरी यायचं आणि किल्ल्या घासायला बसायचं."

तिच्या वाट्याला वसतिगृहाचे तक्रार-ॲप आले. खोली क्रमांक लिहायचा, तक्रार लिहायची, बटण दाबायचे. मग तक्रार प्लंबरकाकांच्या फोनवर जावी, अशी अपेक्षा. पेन्सिल मन लावून कामाला लागली. पहिले अकरा दिवस तिने बटणाचे कोपरे गोल केले. बाराव्या दिवशी ते दाबून पाहिले, तेव्हा पडद्यावर चूक दाखवणारी लालभडक ओळ उमटली. इतका भडक लाल तिला बघवेना. तिने तो बदलून फिका गुलाबी केला. चूक जागच्या जागी राहिली, पण आता डोळ्यांना खुपत नव्हती. (वर्गातल्या बत्तीसपैकी एकोणतीस जणांनी ही सुधारणा तिच्याकडून मागून नेली.)

तरी ती सरांकडे गेली. कोडिंगचे सर गेल्या वर्षापर्यंत चित्रकला शिकवत. घरी संगणक असल्याचे त्यांच्या तोंडून निघून गेले आणि हा विषय त्यांच्या गळ्यात पडला.

"सर, बटण दाबलं की तक्रार कुठेच जात नाही."

"दाबणाऱ्याला ते कळतं का?"

"नाही."

"मग घाबरतेस कशाला? त्याला काय वाटायला हवं, तेवढं बघ. आपण डिझाइनवाले आहोत, बाई."

पेन्सिलने ते बघितले. दाबल्यावर एक गोल फिरेल, मग बरोबरची हिरवी खूण उमटेल, खाली अक्षरे येतील: 'तुमची तक्रार पोहोचली.' गोल किती वेळ फिरावा यावर तिने मैत्रिणींवर प्रयोग केले. एका सेकंदात खूण आली तर माणसाला संशय येतो, पाच सेकंद लागले तर राग येतो. तीन सेकंद झाले की आत कुणीतरी आपल्यासाठी धावपळ करतेय असे वाटते.

परीक्षकांनी पाळीपाळीने बटण दाबले. सर्वांत ज्येष्ठांनी तीनदा दाबले. सत्त्याण्णव गुण पडले. (तीन कापले, कारण हिरवा किंचित पिवळसर होता.)

लगेच वसतिगृहातली तक्रारवही बंद करून ॲप सुरू झाले. वहीत महिन्याला दोनशे बारा तक्रारी येत. आता एकही नाही. वार्षिक अहवालात 'तक्रारींचे समूळ निराकरण' अशी नोंद झाली.

एकदा जिन्यात प्लंबरकाका भेटले. "काय गं पोरी, महिना झाला, फोन वाजला नाही. मग तिसऱ्या मजल्यावर हे काय, भिंतीला घाम आलाय?"

"काका, दुरुस्त करा ना."

"तक्रारीशिवाय पान्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

पेन्सिलची खोली तिसऱ्याच मजल्यावर होती. गादी भिजली तेव्हा तिनेही ते बटण दाबले. आत काही नाही हे जगात फक्त तिला आणि सरांना ठाऊक होते, तरी गोल फिरत असताना तिला बरे वाटले. त्या बरे वाटण्याचीच तिला भीती वाटली. मग ती खरोखर कोडिंग शिकली. आठ दिवस डोके फोडून तिने अकरा ओळी लिहिल्या. ओळी दिसायला ओबडधोबड होत्या, पण बटण चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांच्या फोनवर तीनशे चाळीस तक्रारी आल्या. संस्थेच्या संचालिकाबाईंनी पेन्सिलला बोलावले. सर आधीच मान खाली घालून उभे होते.

"तुझं ॲप बिघडलंय."

"मॅडम, ते आत्ता कुठे चालायला लागलंय."

"महिनाभर एक तक्रार नव्हती. आज एका दिवसात तीनशे चाळीस. याला चालणं म्हणतात?"

सर हळूच पेन्सिलला म्हणाले, "तुझे गुण फेरतपासणीला जातील, बाई. वर्ष जाईल."

पेन्सिलने तिथेच, दोघांच्या देखत, अकरा ओळी पुसल्या. संध्याकाळपर्यंत वसतिगृहात पुन्हा शांतता नांदू लागली.

आज तिला फार मागणी आहे. पाणी, वीज, रस्ते, दवाखाने, सगळीकडे तिचाच गोल फिरतो. गेल्या आठवड्यात तुम्हीही ते बटण दाबलेत. तीन सेकंद थांबलात, हिरवी खूण पाहिलीत आणि हलके होऊन चहा प्यायला गेलात. त्यानंतर तुम्ही पुन्हा काही विचारलेले नाही, त्या अर्थी तुमचे काम झालेच असणार. जाताजाता तुम्ही पाच तारेही दिलेत. ते मात्र तिला मिळाले. तेवढ्यापुरते तिचे कोडिंग आता पक्के आहे.