गौरवीचा दात कोणी वाकडा केला?

घरात काही मोडलं, सांडलं, हरवलं की गुन्हेगार शोधून काढण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पार्से गावात कोणी नाही! पेडण्याच्या कचेरीत वीस वर्षं चौकशीच्या फायली हाताळल्या आहेत, थट्टा नव्हे. त्यामुळे दातांच्या डॉक्टर सिद्धींनी एक्स-रे दाखवला तेव्हा माझं अर्धं लक्ष दाताकडे आणि अर्धं आरोपीकडे होतं.

दात माझ्या मुलीचा, गौरवीचा. वय वर्षं नऊ. वरचा पुढचा एक दात आला, शेजारचा येईचना. वर्गातली पोरं तिला ‘खिडकी’ म्हणायला लागली. आधी ती तोंडावर हात धरून हसायची, मग हसणंच बंद झालं. सकाळी पदेर पाव घेऊन यायचा, तर कडक कवचाचा उंडा पाव दाताने तोडता येत नाही म्हणून ही मुकाट्याने चहात बुडवून खायची. सहा महिने घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं.

“दात आहे, पण हाडात अडकलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “बघा, मधेच वाकून नाकाकडे वळलाय. दोन-तीन वर्षांची असताना तोंडावर जोराचा मार बसला होता का? दुधाचा दात आत घुसला, की त्याच्या वर तयार होत असलेला दात असा वाकडा होतो.”

“आमच्या घरात? शक्यच नाही! मी तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही!”

“थ्री-डी स्कॅन करून या. मग छोटं ऑपरेशन करून दात उघडा करू आणि साखळी लावून हळूहळू खाली ओढू. वर्षभर तरी लागेल. फारच वाकडा निघाला, तर मात्र काढावा लागेल.”

हे सगळं माझ्या बायकोने, दीपाने, लिहून घेतलं. मी ऐकला एकच शब्द. मार!

पहिला संशयित तयारच होता. दीपाचा धाकटा भाऊ साईश, मांद्र्याला गेस्टहाऊस चालवतो. गौरवीला लहानपणी मोटारसायकलच्या टाकीवर बसवून किनाऱ्यावर न्यायचा. घरी येताच फोन लावला.

“साईश, खरं सांग. पोरीक खंय पाडलंस?”

“भावजी, मी नाय पाडलंय! देवाशपथ सांगतंय!”

“चोर असोच बोलता!”

फोन आपटला. दीपा दारात उभी होती. “तुमी माझ्या भावाक चोर म्हटलात?” एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद, आणि साईशचं आमच्याकडे येणं बंद. मामाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी गौरवी आणखीच गप्प झाली. पण चौकशी म्हणजे चौकशी! मी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘गौरवी तीन वर्षांची असतानाचे फोटो, व्हिडिओ, असतील ते सगळे टाका. दोषी माणूस समोर येऊ दे!’ ग्रुपवर त्रेचाळीस माणसं.

पाचव्या मिनिटाला साईशने व्हिडिओ टाकला. वर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची चतुर्थी. स्टुलावर चढून मी गणपतीच्या डोक्यावरची फळाभाज्यांची माटोळी बांधतोय. सुपारीचे घड, नारळ, दोडकी, आणि मधोमध मांडीएवढं जून तवसं, म्हणजे आमची गावठी काकडी. खाली फ्रॉक घातलेली गौरवी तोंड वर करून बघतेय. मी कॅमेऱ्याकडे वळून सांगतोय, “ही गाठ सुटाची नाय!” आणि तवसं सुटलं. थेट तिच्या तोंडावर!

पोर किंचाळली. आणि त्या किंकाळीवरून माझा आवाज, स्वच्छ, खणखणीत: “तवसां बघ आधी! फुटला नाय मां?”

मग मी खाली उतरलो, तवसं उचललं, पुसलं आणि पुन्हा वर बांधलं. पोरीला साईशने उचललं. ओठ सुजला होता, तो चार दिवसांत उतरला आणि मी सगळं विसरून गेलो.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. माझ्या मेसेजवरच्या खुणा मात्र निळ्या झाल्या, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. मला जेवण गेलं नाही. लाज वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, “एकाने आत थांबा, तिचा हात धरायला.” मी ताडकन उठलो.

“बाबा, तू भायर बस,” गौरवी हळूच म्हणाली. “मामाक बोलय.”

मी बाहेर येऊन साईशला फोन केला. माफी मागायची म्हणून चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून फुटेना. “ये रे,” एवढंच म्हणालो. वीस मिनिटांत आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेला.

मी बाकावर बसून राहिलो. दात खाली येईल की काढावा लागेल, ते अजून डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. इतक्यात आतून गौरवी खो-खो हसली! सहा महिन्यांत पहिल्यांदा. मागोमाग डॉक्टरही हसल्या, नर्सही हसली.

मामाने तवशाची गोष्ट सांगितली की आणखी कसली, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.