निकाली निघालेला लाल दिवा

सगळं सुरू झालं ते एका लाल दिव्यापासून. दिवा म्हणजे काय, करंगळीच्या नखाएवढा. ट्रकची किल्ली फिरवली की तो समोरच्या डॅशबोर्डच्या पाटीवर लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. तीस वर्षं त्याचा हाच धंदा होता आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एका रविवारी सकाळी शेरेसाहेबांनी ठरवलं की हा दिवा काढून टाकायचा. (रविवारी या माणसाला मोकळं सोडू नये, असं त्यांच्या बायकोचं जुनं मत आहे.)

शेरेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागाचे कारकून. अर्ज नळाला पाणी नसल्याचा असो की पाण्याला नळ नसल्याचा, साहेब त्यावर सुबक अक्षरात एकच शेरा मारत: 'तक्रार निकाली.' बावीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एक तक्रार शिल्लक राहिली नव्हती. लोकांकडे पाणी पोचलं की नाही, हे बघणारा विभाग वेगळा.

घरीही तोच खाक्या. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो पीं पीं करायचा, साहेबांनी त्याचा भोंगा उपसला. वजनकाटा दर महिन्याला वाढीव आकडा सांगायचा, त्याचे सेल काढले. मोबाइल तर घेतल्या दिवसापासून मुकाच होता. घरात कशी छान शांतता नांदत होती. फक्त सासरेबुवा अधूनमधून खिडकीपाशी बसून म्हणायचे, "हल्ली आपल्याकडे कुणी येतच नाही."

ट्रक या सासरेबुवांचाच. आयुष्यभर तो चालवून त्यांनी दोन मुलं शिकवली, आणि मुलीने रोपवाटिका काढल्यावर किल्ली तिच्या हातात ठेवली. ट्रकबरोबर स्वतःही आले. जावई गाडी काढायला लागला की ते शेजारी बसायचे. नजर अधू झाली होती, म्हणून दर वेळी विचारायचे, "लाल दिवा लागला का?" मग इंजिन सुरू झालं की, "विझला का?" साहेबांना वाटायचं, ही आपली रोजची परीक्षा आहे. त्या रविवारी त्यांनी पाटीच्या मागे हात घालून बल्ब काढला. आता सासरे विचारत तेव्हा साहेब दोन्ही उत्तरं एका दमात देऊन मोकळे होत: "लागला, विझला."

सोमवारी ट्रक भर चौकात बंद पडला.

तसा तो साहेबांच्या हातून नेहमीच बंद पडे. क्लच आणि त्यांचा पाय यांचं कधी जमलं नाही. पण नेहमी किल्ली फिरवली की परत सुरू व्हायचा. आज नुसतं 'टिक्' झालं. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. चारपाच भली माणसं ढकलायला धावली. त्यातल्या एकाने खिडकीत डोकावून पाहिलं.

"तुम्हीच ना ते? आमच्या नळाचा अर्ज..."

"निकाली निघालाय तो," साहेब म्हणाले.

त्या भल्या माणसाने ट्रकवरचा हात काढून घेतला.

एरवी बायको हसली असती. पण त्या आठवड्यात तिला हसायला सवड नव्हती. गावाबाहेरच्या नव्या हॉस्पिटलने तिला तीनशे रोपांचं काम दिलं होतं. शनिवारी सकाळी दहाच्या आत रोपं तिथल्या बागेत पोचायला हवी होती, कारण दहाला हॉस्पिटल उघडणार होतं. रोपं आवडली तर बागेची वर्षभराची देखभालही तिच्याकडेच येणार होती. पाच वर्षं दारोदार चार-चार कुंड्या विकल्यावर आलेलं हे पहिलं मोठं काम. प्रत्येक रोपाची पानं तिने ओल्या फडक्याने पुसून काढली होती.

"तू ट्रकची चिंता करू नकोस," साहेब म्हणाले, "ट्रक माझ्याकडे लागला."

"त्याचीच तर चिंता आहे," बायको म्हणाली.

साहेबांनी लगेच करंटकाकांना फोन केला. करंटकाका म्हणजे गावातले सगळ्यात जुने गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. माणूस हुशार, पण मानी. "फोनवर निदान करत नाही, उद्या घरी येतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आणि मंगळवारी सकाळी आलेच नाहीत.

"मोठा माणूस झालाय," सासरेबुवा म्हणाले.

"मग आम्ही काय लहान आहोत?" साहेब उसळून म्हणाले आणि बाजारात जाऊन बॅटरीचा दाब मोजायचं एक मीटर घेऊन आले. सोबत एक रजिस्टर. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'विषय: ट्रक वारंवार बंद पडणेबाबत.' खाली रकाने आखले. (दुरुस्ती नंतर करता येते, रकाने आधी लागतात.)

बॅटरी दुकानात चार्ज करून आणली. त्याच दुपारी बायकोने मातीची पोती आणायला ट्रक नेला. ती चालवते ती बापासारखी, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की गल्लीतल्या खिडक्या थडथडतात. संध्याकाळी परत आली तेव्हा मीटर खुशीत होतं, बॅटरी काठोकाठ. साहेबांनी शेरा मारला: 'प्रकृती उत्तम. तक्रार निकाली.'

बुधवारी साहेब ट्रक घेऊन ऑफिसला गेले. त्यांचा पाय मऊ. इंजिनाला त्रास नको म्हणून ते इतकं हळू चालवतात की एकदा एका आजींनी चालत त्यांना मागे टाकलं आणि वळून चौकशीही केली. वाटेत पाचसहादा बंद पडून पुन्हा सुरू झालेला ट्रक ऑफिसच्या फाटकात बंद पडला, 'टिक्'. तिथून तो बडेसाहेबांनी ढकलला. बडेसाहेबांनी स्वतःच्या चांगल्या पांढऱ्या शर्टात ढकलला.

"ट्रकला माणूस ओळखू येतो," सासरेबुवांनी निकाल दिला. "तिच्याकडे चालतो, तुमच्याकडे रुसतो. तुम्ही काही केलंत का त्याला?"

"मी काय करणार त्याला?" साहेब म्हणाले. दिवा त्यांना आठवलाही नाही. निकाली निघालेली गोष्ट आठवायची नाही, हा खात्याचा नियमच आहे.

गुरुवारीही करंटकाका आले नाहीत. आता संशय अल्टरनेटरवर होता. इंजिन फिरताना बॅटरी भरायचं काम त्याचं. ऑफिसातल्या शिपायाने एक नामी युक्ती सांगितली: इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालत राहिली तर शाबूत. साहेबांनी तार काढली. इंजिन मजेत चालत राहिलं. साहेबांनी रजिस्टरात लिहिलं: 'अल्टरनेटर निर्दोष.' (डिझेलचं जुनं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीची विचारपूसही करत नाही, हे शिपायाला माहीत नव्हतं. साहेबांना तर नव्हतंच नव्हतं.)

शुक्रवारी संध्याकाळी रोपं ट्रकात भरली. बॅटरी तुडुंब भरून ठेवावी म्हणून साहेबांनी इंजिन तासभर जागच्या जागी चालू ठेवलं, आणि मीटरचा आकडा नीट दिसावा म्हणून पुढचे दोन्ही मोठे दिवे लावून ठेवले. आकडा हळूहळू उतरत होता. साहेबांनी तो दर पाच मिनिटांनी सुवाच्य अक्षरात टिपून घेतला.

शनिवारी सकाळी सातला बायकोने किल्ली फिरवली. या वेळी 'टिक्'सुद्धा झालं नाही.

ती खाली उतरली. मागे जाऊन तिने एका रोपाचं वाकलेलं पान सरळ केलं, आणि तिचे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, हिने आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक तक्रार त्यांच्या समोर उभी होती आणि तिच्यावर मारायला शेरा नव्हता.

"मी त्या काकांना कॉलर धरून आणते," ती म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

अर्ध्या तासात करंटकाका आले. चेहरा रुसलेला, हातात पेटी, खांद्यावर जादा बॅटरी. त्यांनी ती जोडून इंजिन सुरू केलं, मीटर लावलं आणि भुवई उचलली. मग ॲक्सिलरेटर खच्चून दाबला. मीटर टुणकन वर गेलं. इंजिन बंद करून परत सुरू केलं. मीटर पुन्हा खाली.

"अल्टरनेटर जिवंत आहे," काका म्हणाले. "झोपलाय. जोरात रेस केली की दचकून उठतो. हळू चालवलं की पुन्हा डुलक्या."

साहेबांनी अदबीने रजिस्टर पुढे केलं. काकांनी गुरुवारची नोंद वाचली आणि कपाळावर हात मारला.

"चालू इंजिनात तार काढलीत? अहो, तो जागा असता तर जागच्या जागी जळाला असता! झोपला होता म्हणून वाचला. तुमचं नशीब थोर आहे, साहेब."

"मग मी रेस करतच नेते," बायको म्हणाली.

"आणि मागची रोपं?" सासरेबुवा म्हणाले. "तू नेलीस तर हॉस्पिटलात नुसत्या काड्या पोचतील. ही जावयांच्याच पायाने न्यायला हवीत."

या घरात आपल्या पायाचं कौतुक झालेलं साहेब पहिल्यांदाच ऐकत होते. पण ते पुरतं गोड लागायच्या आत काकांनी नुसती किल्ली फिरवली, पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "लाल दिवा का लागत नाही?"

"लागतो की," सासरेबुवा म्हणाले. "रोज लागतो आणि विझतो. मी विचारून घेतो ना."

काकांनी पाटीमागे बोट घातलं. "लागेल कुठून? बल्बच नाही. या दिव्यातून जरासा करंट जातो ना ताई, तोच अल्टरनेटरला उठवतो. उठला की दिवा विझतो. दिवाच नाही, तर त्याला हाक कोण मारणार?" त्यांनी मान हलवली. "उंदरांनी नेला असेल. जुन्या बनावटीचा आहे, माझ्याकडे नाही. दुकान उघडेल दहाला."

दहाला! उंदरांवर ढकललं असतं तर प्रकरण तिथेच मिटत होतं. उंदीर काही उलट बोलायला आले नसते. पण बायको ट्रकाच्या फळीला टेकून उभी होती आणि तिच्या मागे तीनशे रोपं वाट बघत होती.

"उंदीर नाही," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले, "उंदीर नाही. मी. मी काढला. आणि बाबा, मी तुम्हाला आठवडाभर खोटं सांगत होतो."

ते आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'निकाली'. बायकोने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एकेक वस्तू बाहेर यायला लागली. लाल दिव्याचा बल्ब. फ्रिजचा भोंगा. काट्याचे सेल. गजराच्या घड्याळाची घंटी.

"ही घंटी!" बायको म्हणाली. "तीन महिने मी उशिरा उठतेय आणि स्वतःला आळशी म्हणतेय!"

"ती फार पहाटे..." साहेब पुटपुटले.

शेवटी डब्यातून निघाली एक गुंडाळलेली पिवळी वायर. ती पाहून करंटकाका पुढे सरसावले. "ही तर दारावरच्या बेलची!"

"दुपारी झोपमोड व्हायची," साहेब म्हणाले.

"म्हणजे मंगळवारी मी पाच मिनिटं बटण दाबत होतो, गुरुवारी दहा मिनिटं, ते काय भिंतीला गुदगुल्या करत होतो? फोन केले, तेही कुणी उचलले नाहीत!"

"पण काका, दार वाजवायचं ना," बायको म्हणाली.

"ताई, मी इलेक्ट्रिशियन आहे," काका ताठ होऊन म्हणाले. "बेल असताना मी दार वाजवू?"

सासरेबुवांना एकदम उजेड पडला. "तरीच हल्ली आपल्याकडे कुणी येत नाही!" आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग काका हसले. शेवटी बायकोही हसली, हातातली वायर नवऱ्याच्या दिशेने उगारत. साहेबांना इतकं हलकं वाटलं की तेही हसले, जरा बेताने.

बल्ब बसला. साहेबांनी किल्ली फिरवली.

"लागला का?" सासरेबुवांनी विचारलं.

"लागला, बाबा." मग इंजिन धडधडलं. "आणि... विझला. शपथ."

त्या दिवशी शेरेसाहेबांनी आयुष्यातलं सगळ्यात हळू ड्रायव्हिंग केलं. मागे वाहनांची रांग लागली, पण एक पान गळालं नाही आणि ट्रक एकदाही बंद पडला नाही. दहाला पाच मिनिटं असताना शेवटचं रोप बागेत टेकलं. मोठ्या डॉक्टरीणबाई रोपांमधून फिरल्या, एका पानावरून बोट फिरवून ते बायकोला दाखवलं आणि म्हणाल्या, "धुळीचा कण नाही हो! बाग आता तुमचीच." परतताना बायको साहेबांच्या शेजारी बसली आणि वाटेत तिने त्यांच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी चौकात ट्रक बंद पाडला. पण किल्ली फिरवल्यावर तो लगेच सुरू झाला.

संध्याकाळी 'निकाली' डबा रिकामा झाला. जी वस्तू जिथली, ती साहेबांनी स्वतःच्या हाताने तिथे लावली. रविवारी पहाटे गजर घणघणला, फ्रिज किंचाळला, आणि तीन महिने यायचे राहून गेलेले शेजारी एकामागून एक बेल वाजवायला लागले. साहेबांनी सगळं हसतमुखाने सोसलं. आता तक्रार दाबायची नाही, ऐकायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि सोमवारी ऑफिसात त्या नळवाल्याचा अर्जही परत काढायचा होता.

आंघोळीला जाता जाता ते मोठ्या मनाने वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा दिसला. त्यांनी खाली उतरून पुन्हा पाहिलं, एक पाय उचलून पाहिलं, मग इकडेतिकडे बघून हळूच वाकले आणि काटा उलटा केला.

"सेलला हात लावायचा नाही," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.